लहान मुलांचा खो-खो संघ पहिल्यांदाच हाती घेताना

“तुम्ही शाळेत असताना खो-खो खेळायचात ना? मग आमच्या पोरांना शिकवा की जरा.” मुख्याध्यापकांनी, सोसायटीतल्या कुणी किंवा गल्लीतल्या मंडळानं असं म्हटलं आणि तुम्ही हो म्हणून मोकळे झालात, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. आठ ते अकरा वर्षांची सोळा-वीस मुलंमुली, एक पटांगण, आठवड्यातले तीन-चार दिवस, रोज एक तास आणि शिकवण्याचा अनुभव काहीच नाही, एवढं धरून लिहितो आहे.

खो-खोला सामान जवळजवळ लागतच नाही. दोन खांब, फक्की आणि एक शिट्टी असली की झालं. त्यामुळे नवीन शिकवणारा पहिल्याच दिवशी मैदान आखतो, आठ जणांना बसवतो, एकाला उठवतो, तिघांना पळायला सोडतो आणि डाव सुरू करतो. दहा मिनिटांत काय होतं ते बघा. चार चपळ मुलं आपसातच खो देत राहतात. तिसऱ्या चौकोनातला मुलगा बोटानं मातीत रेघोट्या ओढायला लागतो. सहाव्या चौकोनातली मुलगी मैदानाबाहेरच्या मैत्रिणीशी बोलत असते. तुम्ही ओरडता, “लक्ष कुठंय?” पण त्या दोघांना बसल्यापासून एकदाही खो आलेला नसतो. लक्ष देऊन ती करणार काय?

हा खेळच असा आहे की आक्रमण करणाऱ्या नऊ जणांतले आठ जण कुठल्याही क्षणी बसलेले असतात. मोठ्यांच्या संघात ते ठीक आहे, कारण तिथं प्रत्येक जण तयारीत बसलेला असतो. लहान मुलांच्या बाबतीत तुमच्या हंगामाचं यश मी एकाच गोष्टीवर ठरवेन: प्रत्येक मुलाला रोज किती वेळा खो मिळाला आणि त्यानं किती वेळा दिला. बाकीचं सगळं, म्हणजे डावपेच, सूर, खांबावरचा गडी टिपणं, हे त्याच्या मागून येतं.

मुलं यायच्या आधी

मैदानावरून आधी स्वतः एकदा चालत फिरा, शक्यतो अनवाणी. काच, खिळे, तारेचे तुकडे, वर आलेला दगड, गणपतीच्या मांडवासाठी खणलेला आणि नीट न बुजवलेला खड्डा, हे सगळं पायालाच कळतं. मुरमाचं मैदान असेल तर सुटी खडी झाडून घ्या आणि खेळाआधी थोडं पाणी मारा. धूळ बसते आणि पडलं तर खरचटणं कमी होतं. पाणी जास्त झालं तर मात्र माती निसरडी होते, तेव्हा बादलीभर शिंपडणं आणि पाईप सोडून देणं यातला फरक सांभाळा.

खांब गुळगुळीत हवा. नियमाचा खांब जमिनीपासून साधारण १२० सेंटिमीटर उंच आणि घट्ट रोवलेला असतो. तसा नसेल तर सुरुवातीला प्लास्टिकचा शंकू किंवा वाळू भरलेला डबा ठेवला तरी चालतं. बांबू मात्र रोवू नका. त्याच्या सालीनं हात चिरतो, आणि मुलं खांबाला हात घालूनच वळतात.

दुसरं मोठं माणूस शोधा, आणि हे मी अगदी आग्रहानं सांगतो. एकट्यानं वीस मुलं सांभाळता येत नाहीत. एकाला लागलं की बाकीची एकोणीस वाऱ्यावर. संघात मुली असतील तर रोज एक बाई मैदानावर हवी, मग ती शिक्षिका असो, कुणाची आई असो किंवा कॉलेजात जाणारी एखादी माजी खेळाडू ताई. कुठल्याही मुलासोबत तुम्ही बंद खोलीत किंवा गाडीवर एकटे असणार नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा आणि तो पालकांनाही सांगा. बसायची पद्धत दाखवताना मुलाला धरून वाकवण्याऐवजी स्वतः बसून दाखवा. पायाची जागा बदलायची असेल तर तोंडानं सांगा.

पालकांकडून एका कागदावर चार गोष्टी लिहून घ्या: दोन फोन नंबर, दमा, फिट किंवा हृदयाचा काही त्रास आहे का, कशाची ॲलर्जी आहे का, आणि मूल घरी कुणासोबत जाणार. दम्याचा पंप असेल तर तो घरी ठेवून चालणार नाही, मैदानावरच्या पिशवीत पाहिजे. कडं, बांगड्या, गळ्यातली साखळी, पैंजण, मोठे डूल हे सगळं काढून यायचं, नखं कापलेली हवीत आणि लांब केस बांधलेले. खो पाठीवर दिला जातो, त्यामुळे वाढलेल्या नखांचा ओरखडा दुसऱ्याला बसतो, हे कारण सांगितलं की मुलं ऐकतात.

मैदान निम्म्यावर आणा

मोठ्यांचं मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असतं. आठ वर्षांच्या मुलाला ते माळरान वाटतं. त्याऐवजी चार चौकोनांचं छोटं मैदान आखा. चौकोन ३० सेंटिमीटरचे, दोन चौकोनांमध्ये दोन मीटर, शेवटच्या चौकोनापासून खांब अडीच मीटरवर. म्हणजे खांबापासून खांबापर्यंत साधारण बारा मीटर होतात. रुंदी आठ-नऊ मीटर पुरते. शाळेच्या पटांगणात अशी दोन मैदानं सहज बसतात. मध्ये तीन-चार मीटर मोकळे सोडा म्हणजे इकडची मुलं तिकडच्यांवर आदळणार नाहीत.

एका मैदानावर आठ मुलं: चार बसलेली, एक उठलेला, तीन पळणारी. डाव दोन मिनिटांचा. दोन मिनिटं झाली की पळणारे तिघं बसायला येतात आणि आक्रमणातले तिघं पळायला जातात. मुलं वीस असतील तर प्रत्येक मैदानावर दोन उरतात. त्यांना कोपऱ्यात बसवू नका. एकाकडे घड्याळ द्या, दुसऱ्यानं किती खो झाले ते मोठ्यानं मोजायचं. मोजणाऱ्या मुलाला खेळ लवकर कळतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

आणखी एक बदल. बाद झालेला गडी बाहेर बसत नाही. त्यानं बाहेरच्या रेषेला हात लावायचा आणि परत आत यायचं. नियमाच्या खेळात बाद म्हणजे बाद, पण तिथं पुढची तुकडी वाट बघत उभी असते. तुमच्याकडे जे मूल सगळ्यात आधी बाद होतं, त्यालाच पळायच्या सरावाची सगळ्यात जास्त गरज असते.

पहिला आठवडा: नुसती पळापळ

पहिले तीन-चार दिवस खो-खोचा ख सुद्धा काढला नाही तरी चालेल. शिवाशिवी, विषामृत, लंगडी, साखळी, डोंगर-पाणी हे खेळ घ्या. हे मी वेळ काढण्यासाठी सुचवत नाही. विषामृतात पळताना मागं कोण आहे याचं भान येतं. लंगडीत घोटा आणि तोल तयार होतो, आणि एका पायावर उड्या मारत पाठलाग करताना मूल समोरच्याचा रस्ता कापायला आपोआप शिकतं. साखळीत दोघांनी मिळून एकाला गाठायचं असतं, तो तर खो-खोचा गाभाच. शहरातल्या कितीतरी मुलांना आज हे खेळ माहीतच नसतात. तुम्ही शिकवाल तेव्हा ती पहिल्यांदा खेळतील.

याच दिवसांत शिट्टीची सवय लावा. एक शिट्टी म्हणजे जिथं असाल तिथं थांबायचं, दोन म्हणजे माझ्याजवळ यायचं. दोनच इशारे, जास्त नकोत. आणि बोलणं थोडक्यात. या वयाची मुलं उभ्या उभ्या अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त ऐकत नाहीत, उन्हाकडे तोंड करून तर तेवढंही नाही. बोलताना ऊन तुमच्या तोंडावर घ्या, त्यांची पाठ उन्हाकडे असू द्या.

बसणं आणि उठणं

आता चौकोन. शेजारी-शेजारी बसलेल्यांची तोंडं उलट दिशांना असतात, एकाचं इकडे, दुसऱ्याचं तिकडे. बसताना एक पाय पुढे, एक मागे, दोन्ही हात जमिनीवर, कंबर थोडी उचललेली. धावण्याच्या शर्यतीत सुरुवातीला घेतात तशी बैठक. बुलेट म्हणतात तिला. दोन्ही चवडे एका रेषेत ठेवून बसायची दुसरीही पद्धत आहे, पण लहानांना बुलेट सोपी जाते. मांडी घालून किंवा गुडघे टेकून कुणी बसलं असेल तर त्याला उठायला दीड सेकंद जादा लागतो आणि तेवढ्यात गडी निसटतो.

तरीही एक सांभाळा. या बैठकीत मूल फार वेळ राहू शकत नाही, मांड्या भरून येतात. म्हणून बैठकीचा सराव वीस-पंचवीस सेकंदांच्या तुकड्यांत घ्या. “खो!” म्हणालात की उठून पाच पावलं पळायचं आणि परत येऊन बसायचं. यात पहिलं पाऊल बघत राहा. बहुतेक मुलं आधी सरळ उभी राहतात आणि मग पळतात. उठणं आणि पळणं एकच झालं पाहिजे, म्हणजे डोकं खाली असतानाच पहिलं पाऊल पडलं पाहिजे. हे एकदा दाखवून होत नाही, पण दोन-तीन आठवड्यांत बहुतेकांना जमतं.

खो

सगळ्यात जास्त वेळ याला द्या.

नियम असा की खो मागून द्यायचा, तळहाताचा स्पर्श पाठीला झाला पाहिजे आणि त्याच क्षणी तोंडातून “खो” बाहेर पडला पाहिजे. शब्द आधी आणि हात नंतर, किंवा हात लागला आणि शब्द गिळला, तर पंच शिट्टी मारणार. बसलेल्यानं खो मिळण्याआधी उठायचं नाही. खो देणाऱ्यानं लगेच त्याच चौकोनात, उठलेल्याचं तोंड जिकडे होतं तिकडेच तोंड करून बसायचं. उठलेल्यानं समोरच्या बाजूला जायचं, मधली पाटी, म्हणजे दोन खांबांमधला चौकोनांचा पट्टा, ओलांडायची नाही, आणि एकदा खांदे एका खांबाच्या दिशेला वळले की त्या खांबापर्यंत जाऊन वळसा घेतल्याशिवाय किंवा कुणाला खो दिल्याशिवाय मागं फिरायचं नाही.

हे सगळं मी एका परिच्छेदात लिहिलं, मुलांना मात्र असं सांगू नका. त्यांना एकच वाक्य द्या: “ज्याची पाठ दिसते, त्यालाच खो.” यात निम्मा खेळ येतो. विचार करा, तुम्ही मैदानाच्या अलीकडच्या बाजूनं पळताय आणि गडी मधून निसटून पलीकडे गेला. तुम्हाला पलीकडे जाता येत नाही. आता ज्याचं तोंड पलीकडे आहे असाच गडी उठला पाहिजे, आणि त्याची पाठ तुमच्याकडेच आहे. मुलाला हे मैदानावर उभं करून दाखवलं की त्याचे डोळे चमकतात. उलटसुलट का बसवतात ते त्याला तेव्हा कळतं.

सराव चालत सुरू करा. खरोखर चालत. पळणारा कुणी नाही, नुसते चार बसलेले आणि एक उठलेला. चालत जायचं, पाठ दिसली की हात आणि आवाज एकदम, बसायचं, पुढच्यानं उठून चालायचं. कुठंही चूक झाली की तिथंच थांबवून ती जागा पुन्हा. दोन दिवसांनी हेच हलक्या पळण्यानं. नंतर एक पळणारा आत सोडा, पण त्यानंही फक्त चालायचं. मग दोघंही पळत. ही पायरी गाळावीशी वाटेल, कारण मुलं म्हणतात, “सर, मॅच खेळू ना!” रोज शेवटची पंधरा मिनिटं त्यांना छोट्या मैदानावरचा डाव द्याच, पण चालत खो सोडू नका. घाईत शिकलेला चुकीचा खो पुढे मोडायला फार जड जातो.

आवाजाचं वेगळं बघावं लागतं. काही मुली आणि लाजरी मुलं “खो” इतक्या हळू म्हणतात की बसलेल्याला ऐकूच जात नाही. त्यांना “मोठ्यानं बोल” म्हणून काही होत नाही. दोन रांगा समोरासमोर वीस पावलांवर उभ्या करा आणि एका रांगेनं दुसरीला खो द्यायचा, नुसत्या आवाजानं. सगळे एकदम ओरडत असले की लाज जाते. उलट टोकाला, काही दांडगी पोरं पाठीत धपाटा घालतात. हात टेकवायचा, ढकलायचं नाही, हे पहिल्याच वेळी थांबवून सांगा; ज्याला धपाटा बसला तो पुढच्या खेपेला त्याला आणखी जोरात देणार हे ठरलेलं असतं.

आता सुरुवातीला सांगितलेली गोष्ट, खो सगळ्यांपर्यंत पोचवायची. छोट्या डावात एक जादा नियम ठेवा: चारही चौकोनांना एकेक खो गेल्याशिवाय गडी टिपला तरी गुण नाही. पहिल्या दिवशी गोंधळ होईल. तरबेज मुलं कुरकुर करतील, “सर, तो हळू उठतो.” त्यांना सांगा की मग तो लवकर उठेल असा खो दे. आणि गंमत बघा, तीच मुलं मग स्वतःहून ओरडायला लागतात, “तीन नंबर राहिला, तीन नंबर!” ज्याच्याकडे कुणी बघत नव्हतं त्याचं नाव आता सगळ्यांच्या तोंडी असतं. तोही ताठ बसतो, कारण खो कधीही येऊ शकतो.

चौकोनाच्या जागा रोज बदला. खांबाजवळच्या दोन जागा सगळ्यात महत्त्वाच्या, म्हणून शिकवणारा तिथं नेहमी चांगले दोन बसवतो आणि मधल्या जागांवर कच्चे. सामन्यात तसं करा हवं तर. सरावात प्रत्येकाला खांब मिळाला पाहिजे, कारण खांबाला वळसा घालायची कला तिथं बसल्याशिवाय येत नाही.

पळणाऱ्यांसाठी

संरक्षण शिकवायला तुलनेनं सोपं, कारण पळायला मुलांना आवडतंच. दोन गोष्टी पुरेत. पहिली, एकेरी साखळी: बसलेला एक गडी ओलांडला की मधल्या पाटीपलीकडे, पुढचा ओलांडला की परत अलीकडे, असं नागमोडी जायचं. दुसरी, आक्रमकाकडे पूर्ण पाठ करायची नाही. मान वळवून किंवा तिरकं धावून तो सतत नजरेच्या कोपऱ्यात हवा. बसलेल्याला धक्का लावायचा नाही आणि दोन्ही पाय मैदानाबाहेर गेले की बाद, एवढे नियम सांगितले की बस.

एका धोक्याकडे लक्ष ठेवा. तिघं पळत असताना तिघांचीही नजर आक्रमकावर असते, आणि ते एकमेकांवर आदळतात. डोक्याला डोकं लागायचे प्रसंग बहुतेक असेच घडतात. म्हणून सुरुवातीला दोनच पळणारे आत ठेवा आणि तिसऱ्याला काही दिवसांनी सोडा. नियमाच्या खेळात तिघांची तुकडी असते, ती सवय नंतर लागेलच.

सूर मारायला या वयात शिकवू नका. टीव्हीवर बघून मुलं हट्ट धरतात. मुरमावर सूर मारला की कोपर, हनुवटी, गुडघे सोलून निघतात, आणि एकदा असं लागलेलं मूल नंतर वाकून हात पुढे करायलाही घाबरतं. वाकून, हात लांब करून, पाय जमिनीवर ठेवून गडी टिपायला शिकवा. सूर नंतर, भुसभुशीत मातीवर किंवा मॅटवर, जाणत्या प्रशिक्षकाच्या हाताखाली.

तासाचा हिशोब

दहा मिनिटं अंग मोकळं करणं आणि एखादा देशी खेळ, पंधरा मिनिटं बैठक आणि उठणं, मध्ये पाणी, पंधरा मिनिटं खोचा सराव, पुन्हा पाणी, शेवटी छोटे डाव. एका गोष्टीला सलग पंधरा मिनिटांच्या वर वेळ देऊ नका. मैदानाला फेऱ्या मारणं, उठाबशा, बेडूकउड्या ही शिक्षा म्हणून कधीच नको. धावणं ही शिक्षा वाटायला लागली तर धावण्याचा खेळ शिकवणार कसा?

ऊन, पाणी, लागणं

उन्हाळी शिबिर असेल तर सकाळी साडेसहा ते आठ किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर. विदर्भ, मराठवाडा, खानदेशात एप्रिल-मेमध्ये सकाळचे नऊसुद्धा उशीरच. दर पंधरा मिनिटांनी सगळ्यांनी पाणी प्यायचं, तहान असो नसो. कुणाला चक्कर, मळमळ, डोकेदुखी किंवा बडबड सुरू झाली तर लगेच सावलीत, कपडे सैल, अंगावर ओला कपडा, वारा, आणि शुद्धीत असेल तर घोट घोट पाणी. बोलण्यात गोंधळ असेल किंवा सावलीत आणूनही बरं वाटत नसेल तर थेट दवाखाना. ओआरएसची पाकिटं पिशवीत ठेवा आणि पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवा.

खरचटलं तर वाहत्या स्वच्छ पाण्यानं आणि साबणानं धुवायचं. माती, हळद, तंबाखू यातलं काही लावू द्यायचं नाही. पाय मुरगळला तर चोळायचा नाही. कुणीतरी तेल घेऊन येतंच, त्याला थांबवा. कापडात गुंडाळलेला बर्फ ठेवा आणि त्या दिवशी खेळ बंद. डोक्याला मार लागला तर मूल “काही नाही झालं सर” म्हणालं तरी त्या दिवशी परत खेळवू नका, पालकांना फोन करा, आणि उलटी, गुंगी किंवा विसरल्यासारखं काही दिसलं तर रुग्णालयात न्या.

पालक

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारतानं पुरुष व महिला अशी दोन्ही विजेतेपदं नेपाळला हरवून जिंकली. दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे होते, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. ज्या खेळाचे नियम एकेकाळी पुण्यात डेक्कन जिमखान्यावर बसवले गेले, त्याला इतक्या वर्षांनी असं कौतुक मिळालं याचा मला मनापासून आनंद आहे. त्याचा एक परिणाम तुमच्या मैदानावरही दिसेल. “सर, आमचा कधी जिल्ह्याला खेळेल?” असं नऊ वर्षांच्या मुलाचे वडील पहिल्याच आठवड्यात विचारतील.

त्यांना टाळू नका, सुरुवातीलाच एकदा एकत्र बसवून सांगा. या हंगामात प्रत्येक सामन्यात प्रत्येक मूल खेळणार. निवड वयानं मोठं झाल्यावर. मैदानाबाहेरून “खो दे, खो दे!” असं ओरडायचं नाही, कारण मूल आधी तुमच्याकडे बघतं आणि मग गड्याकडे, तोवर वेळ गेलेली असते. टाळ्या हव्या तेवढ्या वाजवा, आणि समोरच्या संघाचा गडी छान निसटला तर त्यालाही वाजवा. बहुतेक पालक हे मानतात. एखादे तरीही ओरडत राहतात, तर त्यांच्याकडे पाण्याच्या बाटल्यांची जबाबदारी द्या. हात कामात असले की तोंड आपोआप शांत होतं.

रुसवे आणि रडणं

बाद झाल्यावर रडणारं मूल प्रत्येक संघात असतं. त्याला समजवायला डाव थांबवू नका. शेजारी बसा, पाणी द्या, दोन मिनिटांनी “चल, आता तू घड्याळ बघ” म्हणा. “मला लागलंच नव्हतं” यावरून भांडण झालं तर मुलांनाच ठरवू द्या, नाहीच ठरलं तर सरळ पुन्हा डाव. स्पर्श झाला की हात वर करायचा, हे पळणाऱ्यांना पहिल्यापासून शिकवलं तर अशी भांडणं निम्मी होतात. कबूल करणाऱ्या मुलाचं नाव घेऊन कौतुक करा, सगळ्यांसमोर.

जाड म्हणून, हळू म्हणून चिडवणं चालू झालं तर तिथं मात्र डाव थांबवा, लगेच. नंतर बोलू म्हणून सोडलेली गोष्ट दुसऱ्या दिवसापर्यंत टोपणनाव झालेली असते.

पहिला सामना

सराव सुरू झाल्यावर सात-आठ आठवड्यांच्या आत बाहेरचा सामना ठरवू नका, आणि ठरवलात तर शेजारच्या शाळेशी, छोट्या मैदानावर, चार-चार मिनिटांच्या डावांचा. नियमाप्रमाणे मोठ्यांचा डाव ९ मिनिटांचा आणि चौदा वर्षांखालच्यांचा ७ मिनिटांचा असतो. नऊ वर्षांच्या मुलांना तेवढा नको. समोरच्या शिक्षकाशी आधीच बोलून घ्या की दोन्हीकडची सगळी मुलं उतरणार आणि बाद झालेला परत येणार की नाही.

आदल्या दिवशी कागदावर तुकड्या लिहा. पहिल्या तुकडीत तिघंही चपळ घालायचा मोह होतो. एक चपळ, एक बरा, एक नवखा, अशा तुकड्या केल्या तर नवख्याला चपळाचं बघून पळता येतं आणि एखादी तुकडी अर्ध्या मिनिटात कापली जात नाही. सामना चालू असताना बाहेरून सूचना देऊ नका, फक्त नावं घेऊन शाबासकी द्या. संपल्यावर दोन मिनिटांपेक्षा जास्त बोलू नका. हरलेल्या, दमलेल्या मुलांच्या डोक्यात त्या वेळी काही शिरत नाही. चुका वहीत लिहा आणि पुढच्या सरावात घ्या. त्या वहीत प्रत्येक मुलापुढे त्या दिवशी त्याला किती खो मिळाले तेही लिहा. शून्य दिसला तर पुढच्या तासाला त्याला आधी खांब द्या.

पूर्ण मैदानावर कधी जायचं

चार चौकोनांवर सगळी मुलं, वरची चार सोडून उरलेलीसुद्धा, पळता पळता स्वच्छ खो देऊ लागली की सहा चौकोन आखा, आणि काही आठवड्यांनी आठ. शालेय स्पर्धांतला सगळ्यात लहान गट चौदा वर्षांखालचा असतो, म्हणजे तुमच्या अकरा वर्षांच्या मुलांना अजून वेळ आहे. पण जन्मदाखला, आधार आणि शाळेच्या बोनाफाईडवर जन्मतारीख एकच आहे ना, हे आत्ताच पालकांना तपासायला सांगा, ऐनवेळी फार धावपळ होते. कुणाला भारी आवड असेल तर सांगा की राष्ट्रीय किशोर-किशोरी स्पर्धेत उत्कृष्ट खेळाडूला भरत आणि इला पुरस्कार मिळतो. मुलांना हे ऐकायला आवडतं. तुम्ही स्वतः जिल्हा खो-खो संघटनेकडे पंच परीक्षेची चौकशी करा. पंच व्हायचं नसलं तरी त्या तयारीत नियम पक्के होतात, आणि मुलं प्रश्न विचारतात तेव्हा ते पक्के असलेले बरे. आठ चौकोनांवर गेल्यावर पहिले तीन-चार दिवस पुन्हा चालत खो घ्या. बसणारे वाढले की दिशा नव्यानं चुकायला लागतात, आणि मधल्या जागांवरची मुलं पुन्हा खोशिवाय राहायला लागतात.